वावर आमचे, मग जबाबदारी कोणाची?

आदरणीय पालकबंधू-भगिनींनो,

मागच्या पालकसभेत एका पालकांनी एक प्रश्न विचारला. त्यांच्या शेजाऱ्यांनी अंगणात ट्रॅम्पोलिन बसवले आहे, म्हणजे जत्रेत पोरे ज्यावर उड्या मारतात ती स्प्रिंगची जाळी. गल्लीतली सगळी पोरे तिथे जमतात. उद्या एखाद्याचा हात मोडला तर दोष कोणाचा? ज्याचे अंगण त्याचा, की ज्याचे पोर त्याचा? सभेत हशा पिकला आणि विषय तिथेच राहिला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून या अंकात त्यावर लिहीत आहोत.

ट्रॅम्पोलिनपुरते उत्तर लवकर देता येते. अमेरिकेत हे खेळणे पुष्कळ घरांच्या परसात असते, आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स' ते घरी ठेवू नका असेच सांगत आली आहे. तिच्या २०१२ सालच्या निवेदनाप्रमाणे सुमारे ७५ टक्के दुखापती एकाच वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात, आणि त्यात लहान मुलाला इजा होण्याचा संभव मोठ्यापेक्षा १४ पटींपर्यंत जास्त असतो. जड मुलाच्या उडीने जाळी वर येते आणि हलके पोर भलतीकडेच फेकले जाते. तिथल्या अनेक विमा कंपन्या परसात ट्रॅम्पोलिन असेल तर घराच्या विम्यात त्याची भरपाई धरत नाहीत. तेव्हा त्या शेजाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की एका वेळी एकच मूल, सहा वर्षांखालचे कोणी नाही, आणि समोर मोठे माणूस. हे जमत नसेल तर जाळी काढून ठेवावी.

पण त्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त मोलाचा आहे. न विचारता आलेल्या परक्या पोराची जबाबदारी मालकावर येते काय? १८७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हाच मुद्दा आला होता. नेब्रास्का राज्यात रेल्वेचे इंजिन फिरवायची एक चकती होती, तिला कुलूप नव्हते. सहा वर्षांचा एक मुलगा मित्रांबरोबर तिच्यावर खेळायला गेला आणि त्याचा पाय चेंगरला. कंपनी म्हणाली, जागा आमची, मुलगा न विचारता आला. न्यायालयाने ते ऐकले नाही. जी वस्तू पोरांना ओढून घेते आणि ज्यातला धोका पोरांना कळत नाही, ती मोकळी ठेवणाऱ्याला 'तू आत आलासच का' असे पोराला विचारून सुटता येत नाही, असा विचार त्या निकालातून पुढे रुजला. आमच्या मते यात अमेरिकेचे असे काही नाही. आपल्या आजीनेही हेच सांगितले असते.

आता आपल्याकडे या. पांढुर्णा आणि सौंसरमध्ये किती अंगणात ट्रॅम्पोलिन असेल? बोटावर मोजण्याइतकी. पण न झाकलेला कोरडा बोअर किती वावरात आहे, हे आपणा सर्वांना माहीत आहे. आपला भाग संत्र्याचा. एप्रिल-मे महिन्यात विहीर तळाला लागते, झाडे सुकायला लागतात, आणि डोळ्यांसमोर वर्षानुवर्षांची बाग जाताना पाहून शेतकरी कर्ज काढून मशीन बोलावतो. एक बोअर कोरडा गेला की वीस पावलांवर दुसरा. मशीनवाले रातोरात काम आटोपून पुढच्या गावाला जातात. केसिंग पाइप महाग, म्हणून फेल गेलेल्या बोअरमधला पाइप काढून दुसरीकडे घालतात. मग तोंडाची माती ढासळते आणि भोक आणखी रुंद होते. त्यावर एखादे पोते, काटेरी फांदी, फार तर फरशीचा तुकडा. खरे तर पोते टाकलेला बोअर उघड्यापेक्षा वाईट, कारण उघडा निदान दिसतो तरी.

हे लांबचे भय नाही. शेजारच्या बैतूल जिल्ह्यात मांडवी गावी ६ डिसेंबर २०२२ रोजी आठ वर्षांचा मुलगा खेळता खेळता ४०० फूट खोल बोअरमध्ये पडला आणि वरच्या भागातच अडकला. बाजूने समांतर खड्डा खणला, पण खाली कठीण खडक लागला. सुमारे ८४ तासांनी, १० तारखेला सकाळी, मुलगा बाहेर निघाला तो मृत. मार्च २०२३ मध्ये विदिशा, जून २०२३ मध्ये सीहोर, एप्रिल २०२४ मध्ये रीवा. सीहोरची मुलगी अडीच वर्षांची होती. २००६ साली हरियाणात हल्दाहेडीचा प्रिन्स सुमारे ५० तासांनी जिवंत निघाला, ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले, आणि तेव्हापासून लोकांच्या मनात बसले आहे की फौज येते आणि पोर काढते. बहुतेक वेळा तसे होत नाही. आपल्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. बाजूचा खड्डा खणायला किती वेळ लागेल, हे विहीर खणलेल्या कोणत्याही माणसाला विचारा.

कायद्याचे म्हणाल तर तो आता बराच स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच निर्देश दिले. बोअर मारण्याच्या पंधरा दिवस आधी प्रशासनाला लेखी कळवायचे. काम चालू असताना भोवती तारेचे कुंपण आणि फलक लावायचा. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधायचा आणि तोंडावर लोखंडी प्लेट वेल्ड करायची किंवा नटबोल्टने झाकण पक्के करायचे. मोटर दुरुस्तीला काढली तरी तोंड उघडे ठेवायचे नाही. आणि सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरायचा. आपल्या राज्याच्या विधानसभेने २०२४ च्या जुलैमध्ये उघड्या नलकूपांसाठी वेगळे विधेयक मंजूर केले. त्यात पहिल्या चुकीला १० हजार आणि नंतर २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि जीव गेलाच तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. मांडवीच्या घटनेत शेतमालकावर गुन्हा नोंदवला गेला होता. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. हिंदी कायद्यात या गुन्ह्याला 'उपेक्षा द्वारा मृत्यु' म्हणतात. मराठीत उपेक्षा माणसाची होते, म्हणून हा शब्द आम्हाला पूर्वी चुकीचा वाटत असे. आता वाटत नाही.)

दंडाने सगळे सुधारेल असे आम्ही मानत नाही. विधेयक मंजूर झाल्यानंतरच, डिसेंबर २०२४ मध्ये, गुना जिल्ह्यात दहा वर्षांचा मुलगा बोअरमध्ये पडून गेला. तहसीलचा माणूस प्रत्येक वावरात पोचणार नाही. शिवाय ज्याचा बोअर फेल गेला तो आधीच बुडालेला असतो, आणि त्याच्यावर आणखी १० हजारांचा बोजा टाकण्यात कोणाला आनंद आहे? पण भरायला लागतो तो दगड-मुरूम वावरातच पडलेला असतो. प्लेट वेल्ड करण्याचा खर्च बोअरच्या एकूण खर्चापुढे काहीच नाही. 'पावसाळ्यात पाणी येईल, म्हणून बुजवला नाही,' असे काही पालक सांगतात. येईलही. मग झाकण नटबोल्टचे लावा, उघडता येईल असे, पण लेकराला उघडता येणार नाही असे.

दुसरे म्हणणे आम्हाला जास्त खटकते. 'पोरांनी दुसऱ्याच्या वावरात जायचेच कशाला?' म्हणणाऱ्याने स्वतःचे बालपण आठवून पाहावे. बोरे, चिंचा, आंबे आपण कोणाला विचारून खाल्ले? पोराला बांध दिसतो, सातबारा दिसत नाही. आणि बटईचे काय? जमीन एकाची, तो नागपूरला राहतो. वाहतो दुसरा. मशीन तिसऱ्याचे. दुर्घटनेनंतर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. न्यायालयाचे निर्देश जमीनमालकाचे आणि बोअर मारणाऱ्याचे नाव घेतात, म्हणून मालक नागपूरला असो की मुंबईला, त्याने वावरात येऊन बघितले पाहिजे. बटईदार भावाला आमचा सल्ला आहे की करार तोंडी असला तरी बोअर कोण झाकणार, हे आधी बोलून घ्यावे.

यात शाळेलाही सूट नाही. १९९५ साली पठाणकोटजवळच्या एका शाळेच्या सहलीत १४ विद्यार्थी ब्यास नदीत बुडाले. 'ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली आणि शाळेची जबाबदारी मानली. मूल आमच्या हाती असते तोवर आम्ही उत्तरदायी आहोत, हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच शाळा सुटल्यावरच्या वाटेबद्दल बोलण्याचा थोडा हक्क आम्ही घेतो.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागत आहेत. शाळेच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. आपल्या गावाच्या, वाटेच्या, नातलगाच्या वावरातला उघडा बोअर किंवा कठडा नसलेली विहीर माहीत असेल तर गाव आणि जागा त्यात लिहावी. लिहिणाऱ्याचे नाव नको. मालकाला आधी आमचे शिक्षक स्वतः जाऊन भेटतील, आठ दिवस थांबतील, आणि त्यानंतरही तोंड उघडेच दिसले तर सरपंच व तहसील कार्यालयाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र जाईल. नववी-दहावीच्या मुलांनी वहीत लिहिण्यासाठी बोअरजवळ जाऊ नये, घरच्या मोठ्यांना सांगावे. सुट्टीतही कार्यालय सकाळी ८ ते ११ उघडे राहील.

आपले,
मुख्याध्यापक व शिक्षकवृंद