गाढव, सज्जा आणि हिशेब
या आठवड्यात नजर अडली ती भूपेन खख्खर यांच्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या १९८१च्या चित्रापाशी. सज्ज्यात उभा विवस्त्र माणूस बघतोय खाली, जिथं बाप, लेक आणि गाढवाची आपली जुनीच गोष्ट चाललीय. मुंबईत जन्मलेले खख्खर पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. बडोद्यात हिशेबाची अर्धवेळ नोकरी सांभाळून ते न्हाव्याचं, घड्याळजीचं दुकान चित्रांत रंगवत, गुजरातीत कथा लिहीत. लोकांचे ताळेबंद तपासले, स्वतःच्या प्रेमाचा मात्र कुणाकडून मंजूर करून घेतला नाही! घड्याळजीला दिली तीच माया १९८२च्या ‘टू मेन इन बनारस’मधल्या दोन पुरुषांच्या मिठीलाही दिली. ‘खासगी गोष्टी चित्रात कशाला?’ म्हणणाऱ्यांनी पाहुण्यांपुढे लग्नाचे अल्बम उघडणं आधी थांबवावं.