यंत्राने तपासलेला गृहपाठ

शाळेच्या वार्षिक अंकासाठी काही तरी लिहून पाठवावे, असा निरोप आला तेव्हा माझ्यासमोर १२० विद्यार्थ्यांच्या गृहपाठाचा निकाल उघडा होता. तो मी तपासलेला नव्हता. यंत्राने तपासला होता. ज्या शाळेत गुरुजींच्या लाल शाईच्या खुणा पाहून आम्ही ऱ्हस्व-दीर्घ शिकलो, त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे या नव्या तपासनिसाविषयी चार शब्द मांडावेत, असे त्या वेळी मनात आले.

संगणकाने काय करावे, हे त्याला क्रमवार सांगणारी सूचनांची मालिका म्हणजे प्रोग्रॅम. असे प्रोग्रॅम लिहावयास शिकविणे हा माझा व्यवसाय. गृहपाठ देताना शिक्षक प्रश्नाबरोबर काही कसोट्याही नेमून ठेवतो. अमुक आकडा दिला असता तमुक उत्तर आले पाहिजे, असे त्यांचे स्वरूप असते. विद्यार्थ्याने प्रोग्रॅम पाठविताच यंत्र तो या कसोट्यांवर चालवून पाहते आणि जितक्या उतरतील तितके गुण देऊन मोकळे होते. काही कसोट्या विद्यार्थ्याला आधी दाखविलेल्या असतात, काही झाकून ठेवलेल्या. आय.आय.टी. संस्थांनी चालविलेल्या ‘एनपीटेल’च्या प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रमांतही हीच रीत आहे, आणि आपल्या भागातील अनेक मुले ते अभ्यासक्रम घरबसल्या करतात.

ही कल्पना आजची आहे, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक या संस्थेत जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम तपासणारा प्रोग्रॅम वापरून पाहिला आणि त्याचा वृत्तान्त १९६० साली प्रसिद्ध केला. त्या काळी प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर असत. त्याच वर्षी मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला होता. तेव्हा तपासनीस यंत्राचे वय साठीच्या पुढे गेले आहे. आपल्या गावी ते उशिरा पोचले, इतकेच.

या यंत्राचे उपकार मी नाकारीत नाही. एका विद्यार्थ्याच्या गृहपाठास पाच मिनिटे धरली, तरी १२० जणांचे दहा तास होतात, आणि ते आठवड्याला. पूर्वी वह्या तीन-तीन आठवड्यांनी परत मिळत, तोवर आपण काय चुकलो होतो याचेच विस्मरण झालेले असे. आता औराद तालुक्यातील एखाद्या खेड्यातला मुलगा, रात्री दहाला वीज आल्यावर प्रोग्रॅम पाठवितो आणि क्षणात त्याला उत्तर मिळते. शिवाय यंत्राला आडनाव वाचता येत नाही. मुलगा मराठी शाळेतून आला की कन्नड की इंग्रजी, बाप जमीनदार की सालदार, याची ते चौकशी करीत नाही. सीमाभागातील मुलांना हा निःपक्षपातीपणा किती मोलाचा वाटतो, हे मी स्वानुभवाने जाणतो.

असे असूनही गेल्या महिन्यातील एका गृहपाठाने मला अस्वस्थ केले. प्रश्न साधा होता. वर्षाचा आकडा दिला असता ते लीप वर्ष आहे की नाही, ते सांगावे. २०२४ आणि २०२३ या दोन कसोट्या मी दाखविल्या होत्या; १९०० आणि २००० या झाकल्या होत्या. एका मुलीने लिहिले की, चाराने भाग गेला की लीप वर्ष. तिचे १९०० चुकले, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. तिला चारपैकी तीन गुण मिळाले. एका मुलाने विचार करण्याचा त्रासच घेतला नाही. आकडा २०२४ असेल तर ‘होय’, एरवी सरसकट ‘नाही’, असे त्याने लिहिले. त्याचे १९०० आयतेच बरोबर आले, फक्त २००० चुकले. त्यालाही तीनच गुण! तिसऱ्या मुलाचा नियम निर्दोष होता. परंतु घरच्या वळणाप्रमाणे त्याने आरंभी ‘कृपया वर्ष सांगा’ अशी एक ओळ छापली होती. अपेक्षित उत्तराशी अक्षरन् अक्षर जुळत नाही, म्हणून त्याला शून्य.

कोणी म्हणेल, हा दोष यंत्राचा नव्हे, कसोट्या निवडणाऱ्याचा. ते मला मान्य आहे. आणखी एक लीप वर्ष घातले असते तर लबाडी उघडी पडली असती, आणि जादा ओळ चालणार नाही हे प्रश्नातच लिहावयास हवे होते. तथापि कसोट्या चाराच्या चाळीस केल्या तरी यंत्र उत्तरच पाहणार. ते उत्तर कोणत्या विचाराने आले, हे पाहण्याची सोय त्यात नाही. ते तिन्ही प्रोग्रॅम कोणत्याही शिक्षकासमोर ठेवा. कोण शिकतो आहे आणि कोण फसवितो आहे, हे तो अर्ध्या मिनिटात सांगेल.

दुसरी अडचण भाषेची. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि यंत्रापुढे इंग्रजी, अशा तीन उंबरठ्यांवर आमचा विद्यार्थी ठेच खात असतो. ‘राँग आन्सर’ हे दोन शब्द वाचून त्याला एवढेच कळते की आपण नालायक आहोत. कसोट्या नेमतानाच शिक्षकाने ‘शतकाचे वर्ष घालून पाहिलेस का?’ अशी एक मराठी ओळ आणि तिच्यासोबत कन्नड ओळ लिहून ठेवली, तर तोच मुलगा पुन्हा कामाला बसतो. यास पैसा लागत नाही. पंधरा मिनिटे लागतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, रोजचा सराव खुशाल यंत्राने तपासावा, विद्यार्थ्याला हवे तितके प्रयत्न करू द्यावेत. परंतु नोंदवहीत जाणारे गुण केवळ यंत्राच्या शब्दावर देऊ नयेत. बिदर-भालकीची अभियांत्रिकी महाविद्यालये ज्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तोंडी प्रश्नांना आजही स्थान आहे. तीच रीत गृहपाठालाही लावावी. आठवड्याला १२० जणांना बोलावणे अशक्य. दहा जणांना बोलाविणे शक्य आहे. यंत्राने वाचविलेले दहा तास शिक्षकाला दुसऱ्याच कामाला जुंपण्यासाठी आहेत, असे मात्र व्यवस्थापकांनी मानू नये. (हे वाक्य त्यांच्या नजरेस पडावे, अशी इच्छा आहे.)

त्या तिघांना मी बोलावून घेतले. तिसऱ्याचे शून्य खोडून चार केले. ‘तीन’वाल्या मुलाने पुन्हा लिहून आणण्याचे कबूल केले आहे, अजून आणलेले नाही. मुलीने मात्र मला विचारले, “सर, १९०० साल वगळण्याचे कारण काय?” ऋतूंचे एक चक्र ३६५ दिवस आणि सहा तासांहून सुमारे अकरा मिनिटे कमी वेळात पूर्ण होते, आणि ती अकरा मिनिटे शतकानुशतके साचत गेली तर पंचांग कसे बिघडते, हे आम्ही फळ्यावर मांडीत बसलो. शिपाई दिवे मालवावयास आला तेव्हा २१०० सालाचा हिशेब चालू होता.