काटकसरीचा हिशोब कुणी मांडायचा?

आईच्या तेराव्याला वडील जमलेल्या लोकांसमोर म्हणाले, "चाळीस वर्षं संसार केला, पण हिनं कधी काही मागितलं नाही. कोंड्याचा मांडा करणारी बाई होती." लोकांनी माना डोलावल्या. मी मागे बायकांमध्ये बसले होते. मला आठवत होतं ते वेगळंच. आईनं मागितलं होतं. शिवणयंत्र मागितलं होतं, तेही तीनदा. दर वेळी उत्तर एकच मिळालं होतं, "हातानं इतकं सुरेख शिवतेस, तुला यंत्र कशाला?"

आईचं कौतुक हेच तिला दिलेलं नकाराचं उत्तर होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याला निमित्त झालं. अलीकडे दिवाळी अंकांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एका प्रकारच्या घरांचे फोटो फार येतात. शहरातली नोकरी सोडून नवरा-बायको मुळशी-भोरकडे नाहीतर कोकणात जाऊन राहिलेले असतात. पाडलेल्या वाड्याचा दरवाजा आणून बसवलेला. पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेले तांब्या-पितळेचे हंडे. जुन्या साड्यांचे पडदे, सारवलेली जमीन, खाटेवर गोधडी. खाली मजकूर असतो साध्या, काटकसरीच्या, निसर्गाशी नातं जोडणाऱ्या जगण्याचा. टाकाऊतून टिकाऊ!

मैत्रिणींनो, मला ही घरं आवडतात हे आधीच कबूल करते. बाजारानं दर सहा महिन्यांनी नवं घ्यायला लावावं आणि आपण घ्यावं, त्यापेक्षा हे शतपटीनं बरं. माझं भांडण गोधडीशी नाही. भांडण आहे ते फोटोत हात दिसत नाहीत याच्याशी. जमीन कुणी सारवली? दर किती दिवसांनी सारवते? गोधडी कुणी घातली आणि तिला त्याचे किती मिळाले? मजकुरात हे कुठंच नसतं. काटकसर जणू घराच्या भिंतींतून आपोआप पाझरते.

काटकसर म्हणजे काय हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. नऊवारी लुगडं आधी मधेच विरतं. मग तो भाग काढून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्षभर निघतं. तेही फाटायला लागलं की त्याची गोधडी. जमिनीवर लुगडी पसरायची, मधे जुन्या धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे नीट जुळवून घालायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. बोटाला सुई टोचते, कंबर धरते, दिवस मावळला की डोळ्याला दोरा दिसत नाही. गोधडीतून उरलेल्या चिंध्यांचं बाळाचं दुपटं, लंगोट. त्याहून मऊ झालेलं कापड पाळीच्या दिवसांसाठी बाजूला ठेवायचं, आणि ते वाळवायचं कुठं तर कुणाला दिसू नये अशा अंधाऱ्या कोपऱ्यात. सगळ्यात शेवटी चुलीजवळचं पोतेरं. एका लुगड्याचे इतके जन्म होतात, आणि प्रत्येक जन्माला एका बाईचे तास लागतात. पुरुषाच्या धोतराचाही पुढचा प्रवास बाईच्याच हातून होतो.

शहरातल्या कपड्यांची कथा यापेक्षा फार निराळी नाही. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण दारात येते. दोन साड्या आणि एका पँटवर स्टीलचं पातेलं द्यायचं की नाही यावर तासभर घासाघीस चालते. आपण जिंकलो असं घरातल्या बाईला वाटतं. मुंबईत या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या वाघरी समाजाच्या बायका आहेत. घरी नेऊन ते कपडे निवडायचे, धुवायचे, शिवायचे, इस्त्री फिरवायची आणि पुन्हा बाजारात बसायचं. फेरवापर, पर्यावरण हे शब्द आपल्या शिबिरांत यायच्या कितीतरी आधीपासून त्या हेच करताहेत. त्यांना पर्यावरणाचा पुरस्कार मिळाल्याचं कुणी ऐकलंय? त्यांना आपण दारातसुद्धा नीट बसू देत नाही.

आणि इथं आपल्यातल्या सवर्ण कार्यकर्त्यांनी जरा थांबायला हवं, मीही त्यांतलीच. जुनं वापरणं ही आमच्यासाठी निवड आहे. या देशात कित्येकांवर ती सक्ती होती. चांडाळांनी मृतांची वस्त्रं वापरावीत आणि सेवा करणाऱ्या शूद्राला जीर्ण वस्त्रं द्यावीत असं मनुस्मृती सांगते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला ती मनुस्मृती जाळली गेली आणि तिथंच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना स्वच्छ राहायला, नीटनेटकं लुगडं नेसायला, जातीची खूण ठरणारी राहणी सोडून द्यायला सांगितलं. ज्या आजीनं ते ऐकलं तिच्या नातीला आज आपण जाऊन सांगायचं, की जुनं वापरण्यात केवढं सौंदर्य आहे? नवी, कोरी, दुकानातली साडी घेणं हा तिच्या घरात एका लढ्याचा भाग असू शकतो. ज्याला नवं घेता येतं आणि तरी जो घेत नाही, त्याच्याच साधेपणाचं कौतुक होतं. ज्याला घेताच येत नाही त्याचं दारिद्र्य असतं. कापड मात्र दोघांचंही जुनंच.

आता सरकार या कामाकडे कसं पाहतं ते बघा. राष्ट्रीय नमुना पाहणीवाले घरोघर जाऊन कोण काय काम करतं ते नोंदवतात, तेव्हा प्रत्येकाला एक संकेतांक मिळतो. नुसतं घरकाम करणारीला ९२. घरकामाबरोबर सरपण, भाजीपाला, चारा गोळा करणारी आणि घरच्यासाठी शिवणकाम, विणकाम करणारी जी असेल तिला ९३. वाचून क्षणभर बरं वाटतं, कुणीतरी एवढं बारीक पाहिलं म्हणून. पण हे दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या बाहेरचे आहेत. म्हणजे सरपण आणलं, गोधडी शिवली हे सरकारला माहीत आहे, त्याची नोंदही आहे, आणि तरीही ही बाई काम करत नाही! केंद्र सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत शंभरातल्या ८१ बायका रोज बिनपगारी घरकाम करताना आढळल्या आणि त्यांचा त्यात सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. पुरुष शंभरात २६, आणि त्यांची मिनिटं ९७. दंड घालणं, पोतेरं धुणं हे सगळं त्या जवळजवळ पाच तासांच्या पोटात आहे.

बाईच्या या कामाला आकडा लागतो तो ती मेल्यावर. विनोद नव्हे. गृहिणी अपघातात गेली की तिच्या कामाची किंमत काय, हा प्रश्न न्यायालयात येतो. मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये जोडलेल्या परिशिष्टानं न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावणाऱ्याच्या एक तृतीयांश धरलं होतं. म्हणजे नवरा जितका गरीब तितकी बायकोची गोधडी स्वस्त. लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीचं काम महिना तीन हजार रुपयांचं धरलं. २०१० च्या एका निकालात न्यायमूर्तींनी जनगणनेला खडसावलं, की घरकाम करणाऱ्या बायकांना तुम्ही भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत कसं बसवता? २०२१ मध्ये पुन्हा एकदा न्यायालयानं सांगितलं की घरकामाचं उत्पन्न मोजलंच पाहिजे. चांगलेच निकाल आहेत. पण मोजून झाल्यावर पैसे घ्यायला ती नसते, तिचा नवरा असतो. माझ्या आईच्या शिवणयंत्राचा तर त्यातही प्रश्न नव्हता, ती तापानं गेली.

दुसऱ्याला बोल लावताना आमच्याच गटाचं सांगायला हवं. माण तालुक्यातल्या दोन गावांतल्या बायकांच्या गोधड्या आम्ही काही वर्षं शहरातल्या प्रदर्शनांत विकत होतो. किंमत सातशे रुपये. ती कशी ठरली होती? दोऱ्याचा खर्च, गाडीभाडं, टेबलाचं भाडं आणि वर थोडं. कापड तर घरचंच, जुनं. एका बैठकीत मी मोठ्या अभिमानानं सगळ्या गोधड्या गेल्या म्हणून सांगत होते. तेव्हा एक आक्का म्हणाल्या, "ताई, बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली. मुकादम माप घ्यायचा आणि मापाप्रमाणं पैसे द्यायचा. चोरटं माप घ्यायचा, पण घ्यायचा. तुम्ही तर मापच घेत नाही."

कुणी काही बोललं नाही. मग आम्ही तिथंच माप घेतलं. एका गोधडीला चौदा दुपारी, रोज तीन तास. बेचाळीस तास, म्हणजे आठ तासांचे सव्वापाच दिवस. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. ती धरली तर नुसत्या मजुरीचे १,६३८ रुपये होतात, आणि त्यात कसब धरलेलं नाही. सातशेतून खर्च जाऊन आक्कांच्या हातात साडेतीनशे पडत होते. आम्ही, बायकांच्या हक्कांच्या बाता मारणाऱ्या, त्यांच्या चौदा दुपारी एका दिवसाच्या मजुरीला विकत होतो. आणि गिऱ्हाइकं म्हणत होती, "अय्या, किती स्वस्त!"

घरी बसून काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ चा आहे. घरखेपेनं काम करणारीलाही इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी असं तो म्हणतो. तो व्हावा म्हणून 'सेवा'सारख्या आपल्याकडच्या संघटना जिनिव्हापर्यंत भांडल्या. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. सरकारला दोष जरूर देऊ. पण टेबलापलीकडे मालक म्हणून त्या दिवशी आम्हीच उभ्या होतो.

यावर दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. एक, आईच्या मायेची किंमत करायची असते का? ऊब मोजता येते का? ऊब मोजू नका, तास मोजा. शिंप्याच्या कामातही कौशल्य असतं, जीव असतो, म्हणून आपण त्याला शिलाई बुडवत नाही. दुसरी, काटकसरीनं तिचंच तर घर उभं राहतं. तिचं घर? कागद काढून बघू. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराला नवरा-बायको दोघांची नावं लावायचा शासनाचा निर्णय २००३ चा आहे. आमच्या दोन गावांत आम्ही उतारे पाहिले तेव्हा बहुतेकांवर एकच नाव होतं, आणि ते बाईचं नव्हतं. दंड घालून, चिंध्या जोडून वाचवलेल्या पैशातून त्याच घराला पत्रे आले होते. नव्वदीच्या सुरुवातीला शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं, कित्येकांनी केलीही. पण ते देणं होतं. कायद्यानं हक्क म्हणून वाटा पाहायचा तर शेजारी गोव्याकडे पाहावं लागतं. तिथल्या पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी असते. कारभार तिथंही नवऱ्याच्याच हाती राहत आलाय आणि गोव्यातल्या मैत्रिणींची त्याविरुद्ध तक्रार आहेच, पण घर विकायला बायकोची सही लागते. आपल्याकडे तिला घर विकल्याचं शेजारणीकडून कळतं.

आमच्या गटात मग बराच वाद झाला. काही जणी म्हणाल्या किंमत वाढवली तर कोण घेणार, आहे तेही जाईल. भीती खोटी नव्हती. तरी ठरवलं. आता प्रत्येक गोधडीला एक चिठ्ठी टाचलेली असते, त्यावर किती तास लागले ते लिहिलेलं असतं आणि मजुरी त्याप्रमाणं धरलेली असते. गेल्या प्रदर्शनात अकरा गोधड्या नेल्या, तीन विकल्या गेल्या. एका बाईंनी चिठ्ठी वाचली, गोधडी घडी करून ठेवली आणि दोन तासांनी परत येऊन घेतली. एकांनी विचारलं, "घरीच तर शिवतात ना, मग एवढे कसले?" आठ परत आल्या. दर उतरवायचा का, हे मी आक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू दे, थंडीत पोरं पांघरतील."

त्या आठ गोधड्यांचे ३३६ तास कुणाच्या खात्यावर टाकायचे, हे आमच्या वहीत अजून कोरं आहे. इतर गटांनी यावर काही मार्ग काढला असेल तर जरूर कळवा, आम्हाला त्याची गरज आहे. आणि आमच्या भागातल्या मैत्रिणींनी पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घराचा नमुना ८ चा उतारा काढून आणावा. ग्रामसेवक आज नाही, उद्या या म्हणाले तर दोघी-तिघी मिळून जा.