जुना कॉम्प्युटर मोडीत काढण्याआधी

मैत्रिणींनो, परीक्षांचे दिवस जवळ आले की आपल्या लातूर-नांदेडच्या घरांतून एक ठरावीक तक्रार ऐकू येते: "आई, कॉम्प्युटर अडकतोय, नवीन घ्या ना!" लेकराचंही खोटं नसतं. २०१९ पासून जेईई मेन आणि आपली एमएचटी-सीईटी या दोन्ही परीक्षा कॉम्प्युटरवरच द्याव्या लागतात. सरावाचा पेपर सोडवताना पुढचा प्रश्न उघडायलाच वेळ गेला, तर ते बिचारं रडकुंडीला येणारच. इकडे आपण मात्र क्लासची फी, मेसचे पैसे नि वह्या-पुस्तकं यांच्या हिशेबात बुडालेल्या. त्यात नव्या कॉम्प्युटरचा खर्च कुठे बसवायचा?

थांबा. आधी जुन्याचं दुखणं काय ते पाहू. पुष्कळदा त्याचा जीव चांगला असतो, फक्त मेमरी अपुरी पडत असते. मेमरी म्हणजे रॅम. ती समजायला स्वयंपाकघरासारखं दुसरं उदाहरण नाही. हार्ड डिस्क ही कोठीची खोली: गहू, डाळी, लोणच्याच्या बरण्या, सगळं तिथे भरून ठेवलेलं. आणि रॅम म्हणजे आपला ओटा. ज्याचं काम चालू आहे तेवढंच ओट्यावर येतं. ओटा ऐसपैस असला की एकीकडे कणीक, दुसरीकडे फोडणी, सगळं हाताशी. तो वीतभर असला तर परात उचलून कोठीत ठेवायची, विळी आणायची, पुन्हा विळी ठेवून परात आणायची. दिवस सगळा येरझाऱ्यांत जातो! जुना कॉम्प्युटर नेमकं हेच करत बसतो. व्हिडिओचा तास, सरावाचा पेपर आणि वर चार उघडी पानं एवढ्याला २ किंवा ४ जीबीचा ओटा कसा पुरावा? ८ जीबी असली तर घरच्या अभ्यासाला नि फॉर्म भरायला सहसा ओढाताण होत नाही. त्याहून जास्तीचा आग्रह दुकानदार धरील, आपण धरू नये.

पण ओटा खरोखरच अपुरा आहे का, हे पैसे काढण्याआधी तपासायचं बरं का. मूल नेहमीसारखं कामाला बसलेलं असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. तिथला आकडा शेकडा ८५-९० च्या वर रेंगाळत असेल तर मेमरी वाढवून नक्की फरक पडेल. मात्र मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्कचा आकडा सारखा १०० वर असेल, तर अडचण ओट्याची नसून कोठीची आहे. अशा वेळी रॅमवर घातलेले पैसे वाया जातील. त्याऐवजी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घ्यावी. विंडोज १० असेल तर त्याच मेमरीच्या पानावर खाली किती खाचा आहेत नि किती भरल्या आहेत तेही दिसतं. एक खाच रिकामी असली तर आहे ती पट्टी तशीच ठेवून शेजारी दुसरी लावता येते.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं गेलात की विंडोज ३२ बिटचं की ६४ बिटचं ते कळतं. घरगुती ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरताच येत नाही. मग ८ जीबी लावा नाहीतर १६, उपयोग शून्य! आधी ६४ बिटचं विंडोज घालून घ्यावं लागेल.

आता खरेदी. कुकरची रिंग आणायला जाताना आपण जुनी रिंग पिशवीत टाकतो ना? तसंच इथेही करायचं. डीडीआर-२, डीडीआर-३, डीडीआर-४ अशा पिढ्या आहेत आणि एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही, कारण मधला काप वेगळ्या जागी असतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरात बहुधा डीडीआर-३ निघते. लॅपटॉपची पट्टी साधारण निम्म्या लांबीची असते, ती इथे चालत नाही. म्हणून जुनी पट्टी, नाहीतर तिच्यावरच्या लेबलाचा फोटो, बरोबर न्यावा. मदरबोर्डवर छापलेलं मॉडेलचं नावही लिहून न्या, कारण प्रत्येक बोर्डाला किती मेमरी झेपते याची हद्द ठरलेली असते.

भावाचं म्हणाल तर २०२५ च्या अखेरीपासून मेमरी जगभर महागली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मोठमोठी डेटा सेंटर्स उभी राहताहेत आणि मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांचा ओढा तिकडेच आहे. मायक्रॉन कंपनीने तर घरगुती गिऱ्हाइकांसाठीची आपली 'क्रुशियल' ही मेमरी बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. मोंढ्यातली सगळी तूर एकाच बड्या व्यापाऱ्याने उचलली तर किराणा दुकानात डाळीचं काय होईल, तसलाच हा प्रकार. त्यामुळे वापरलेली पट्टी घेण्यात कमीपणा मानू नका. या पट्टीत फिरणारं, झिजणारं असं काही नसतं. फक्त पहिल्याच दुकानात पैसे देऊ नयेत. वजिराबादेत किंवा गंजगोलाईत साडी घेताना चार दुकानं पालथी घालणाऱ्या आपण, इथेच का लाजावं? शक्य तर पट्टी आपल्यासमोर लावून दाखवायला सांगा आणि चालली नाही तर परत घेण्याचं पावतीवर लिहून घ्या. फारच स्वस्त मिळाली तर नीट चौकशी करा. 'फक्त एएमडीसाठी' अशी डीडीआर-३ पट्टी बाजारात मिळते, ती इंटेलच्या कॉम्प्युटरात बहुधा चालत नाही. सर्व्हरमधून काढलेली पट्टीही घरच्या कॉम्प्युटरला लागत नाही.

बसवायचं काम मात्र घरीच करा. शिलाई मशीनला तेल घालणाऱ्या बाईला हे अवघड नाही. कॉम्प्युटर रीतसर बंद करून वायर भिंतीतून काढा आणि चालू करायचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. बांगड्या मागे सारा. कोरड्या हवेत नायलॉनची साडी सोडताना चटचट होतं ना, तेवढी वीजही या पट्टीचा जीव घ्यायला पुरते. तेव्हा त्या दिवशी सुती नेसा आणि पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा. डबा टेबलावर आडवा ठेवून बाजूचा पत्रा काढा. आपल्याकडच्या धुळीने आत गादी घातलेली असेल! ती कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं मुळीच नको. खाचेच्या टोकांच्या कळा बाहेर ढकला. काही बोर्डांवर कळ एकाच बाजूला असते. पट्टी कडांनी धरून तिचा काप खाचेतल्या उंचवट्यावर जुळवा आणि दोन्ही टोकांवर सरळ दाब द्या. 'खट्' झालं की बसली. जुळत नसेल तर जोर करू नका, पट्टी उलटी धरली असेल किंवा पिढी चुकली असेल.

सुरू केल्यावर नुसताच बीप-बीप आवाज येऊन पडदा काळा राहिला तर घाबरू नका. वायर काढून पट्टी पुन्हा बसवा. जुन्या पट्टीच्या सोनेरी दातांवर मुलाचा खोडरबर हलक्या हाताने फिरवून कोरडं पुसलं तर पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं. नंतर स्टार्टमध्ये मेमरी डायग्नोस्टिक शोधून एकदा तपासणी करून घ्या, म्हणजे पट्टी परत करायची मुदत हातची जाणार नाही.

एक गोष्ट मेमरीने साधणार नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ अशा जुन्या कॉम्प्युटरांना चालवून घेत नाही. म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. किंवा मग लिनक्स मिंट घालून घ्यावं, ते फुकट असतं आणि ब्राउझरमधला अभ्यास त्यावर होतो. मात्र क्लासवाल्यांचं खास सॉफ्टवेअर असेल तर ते त्यावर चालतं का, हे क्लासमध्ये आधी विचारा.

दोन्ही खाचा भरलेल्या असल्या तर एक जुनी पट्टी काढावी लागेल. ती नवीन पट्टीच्याच पुडीत घालून पावतीसकट जपून ठेवा. दुकानदार कधी कधी बदल्यात थोडे पैसे कमी करतो, नाहीतर शेजारणीच्या कॉम्प्युटरला उपयोगी पडेल.