खिडकी नसलेला वाडा

मंडळी, तुमच्या गावात असा एक तरी वाडा असेलच. दाराला कुलूप, भिंतीतून पिंपळ, ढाळजेत कोणाच्या तरी शेळ्या. पोरं म्हणतात, आत भूत आहे. म्हातारी माणसं म्हणतात, आत धन आहे. आणि वारसदार म्हणतात, नमुना आठवर बारा नावं लागलीत, कोण बघणार?

माझ्या आजोळी असाच एक वाडा आहे. सेलू तालुक्यात, दुधनेच्या काठापासून कोसभर आत. या उन्हाळ्यात दोन दिवसांसाठी गेलो होतो. वाड्यात आता कोणी राहत नाही. मामेभाऊ, म्हणजे आमचे दादा, शेजारीच स्लॅबचं घर बांधून राहतात. बाकीची भावंडं कोणी पुण्याला, कोणी संभाजीनगरला. दादा म्हणाले, "बरं झालं आलास. लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन गेला. तुझ्या आईचं माहेर आहे, एकदा डोळ्यांखालून घाल, मग ठरवू."

मी किल्ली मागितली तर वहिनी म्हणाल्या, "कशाला जायलाव आत, भावजी? इच्चू-काटा असंल." पण कंदील आणि काठी त्यांनीच आणून दिली.

हा वाडा बाहेरून पाहिला तर कोणीही म्हणेल, बांधणारा माणूस जरा विक्षिप्तच असला पाहिजे. रस्त्याच्या बाजूला एवढी लांबलचक दगडी भिंत, पण तिला एकही खिडकी नाही. हत्ती जाईल असा दरवाजा, पण रोज उघडायची ती फक्त त्यातली दिंडी, आणि तिच्यातून वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत गेलात तर समोर चौक दिसत नाही. दोन्ही हातांना ढाळज, समोर आडवी भिंत, मग वळण आणि मग चौक. खिडकी नाही म्हणून अंधार असेल म्हणाल, तर चौकातून चारही सोप्यांना उजेड. माजघरात उजेड वरून येतो, माळवदाला ठेवलेल्या साण्यातून. धूर जायला आणि ऊन यायला तेच भोक. पाऊस आला की वर जाऊन त्यावर परात पालथी घालायची. लहानपणी ते काम आम्हा पोरांचं.

वर जायचा जिना शोधूनही सापडत नाही. तो भिंतीच्या पोटात आहे. भिंत तीन फूट जाड, तिच्यात एक माणूस तिरपा होऊन चढेल एवढ्या पायऱ्या. मी चढलो तेव्हा दोन्ही खांदे घासले. लहानपणी तिथून धावत जायचो!

सगळ्यात नवल बळदाचं. माजघराच्या मागं एक खोली आहे, तिला दारच नाही. नव्या पिढीतल्या भाच्यानं मला विचारलं, "मामा, ही खोली बांधून दार ठेवायचं विसरले का?" त्याला वर नेलं आणि माळवदावरचं झाकण दाखवलं. धान्य वरून ओतायचं आणि खाली हातभर उंचीवर एक छोटं भोक, त्याला बोळा. लागेल तेवढी ज्वारी तिथून काढून घ्यायची. आधी पडलेली आधी निघते, नवी वर राहते. धान्यात पाय न घालता, पोतं न उचलता. आज सायलो म्हणून लोखंडी टाक्या उभ्या राहतात, त्यांची रीतही हीच.

चौकात एका कोपऱ्यात पेवाचं तोंड होतं. आता त्यावर फरशी आहे. पेवाचा गुण असा, की तोंड लिंपून बंद केलं की आतलं धान्य स्वतःच श्वास घेतं आणि आतला प्राणवायू संपवतं. मग किडा जगत नाही. पण जिथं किडा जगत नाही तिथं माणूसही जगत नाही, हे लक्षात असू द्या. तुमच्या जुन्या वाड्यात पेव निघालं तर कुतूहलानं आत उतरू नका. तोंड उघडून भरपूर वारा लागू द्या, दोरीनं पेटता दिवा आत सोडा. दिवा विझला तर आत मृत्यू बसलेला आहे असं समजा. दिवा जळत राहिला तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं असल्याशिवाय उतरू नये.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी? तर वाडा बांधणारा विक्षिप्त नव्हता, धास्तावलेला होता. आपला परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. गावोगाव दरोड्याची भीती. ज्याच्या घरी धान्य, त्याच्या घरावर डोळा. म्हणून रस्त्याला खिडकी नाही, म्हणून दिंडी वाकून जाण्याजोगी, म्हणजे आत येणाऱ्याचं डोकं आधी दिसेल आणि हात मागाहून. म्हणून जिना भिंतीत. रझाकारांच्या दिवसांत रात्री वाड्यातल्या बायका-पोरांना रिकाम्या बळदात उतरवत आणि वरून झाकण लावत, असं आजी सांगायची. आई त्यांतलीच एक. म्हातारपणीही तिला दार लावून झोपता येत नसे. कारण आम्हाला फार उशिरा कळलं.

आणि याच वाड्यात दुसरंही एक नवल आहे. मागच्या अंगाला माळवदावर मामांनी एक माडी चढवली. पोलीस अॅक्शन झाली, मराठवाडा मोकळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी. त्या एका माडीला सात खिडक्या! खाली शहाबादी फरशी, दारावर अर्धगोल लाल-निळ्या काचा, पुढं सिमेंटच्या नक्षीचा कठडा. खालचं घर डोळे मिटलेलं आणि वरची माडी डोळे विस्फारलेली. लोक हसायचे, म्हणायचे, पाटलानं घरावर रेल्वेचा डबा ठेवला. मे महिन्यात त्या माडीत बसवत नसे. परभणीचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. खाली माजघरात मात्र मडक्यातल्यासारखा गारवा. तरी मामा दुपारी वरच बसत, खिडक्या उघड्या टाकून, घामानं निथळत. मी लहान असताना तो मला वेडेपणा वाटे. या खेपेला त्या सात खिडक्यांमध्ये उभा राहिलो आणि वाटलं, ज्या माणसानं तरुणपण बिनखिडकीच्या घरात भीत काढलं, त्याला उकाडा काय लागणार!

असो. बळद मात्र मग हळूहळू रिकामं झालं. १९७२च्या दुष्काळात तळ दिसला. पुढं संकरित ज्वारी आली, तिचं पीक भरपूर, पण ती गावरान ज्वारीसारखी टिकेना, लवकर किडे. मग कापूस वाढला, मग सोयाबीन आलं. सोयाबीन बळदात कोण ठेवतो? ते काट्यावर मोजलं की थेट आडतीत. ज्वारी गेली तसं बळद गेलं, बळद गेलं तसा वाड्याचा अर्थ गेला.

आता खऱ्या मुद्द्याला येतो. भाच्याला घेऊन माळवदावर उभा होतो. पन्हळीच्या तोंडाशी माळवदाचा काठ ढासळला होता, त्यामुळं मातीचे थर मोजता आले. आपल्याकडं माळवद कसं करतात ते जुन्यांना माहीत आहे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर फळ्या किंवा किलचन, त्यावर पाला, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. काळी माती चालत नाही. काळी ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात पाणी मुरायला वेळ लागत नाही. पांढरी फुगत नाही, चोपून बसते. म्हणूनच आपल्या माणसांनी काळी पिकाला ठेवली आणि पांढरी राहायला. दरसाल मृगाच्या आधी माळवदावर पांढरीचा नवा थर घालायचा, ही रीत. पण मंडळी, दरसाल घालायचा हे सांगितलं जातं, जुना काढायचा हे कोणी करत नाही. आमच्या माळवदावर माती किती निघाली? दोन फुटांहून जास्त!

जरा हिशेब करा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली. तिच्यावर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट, म्हणजे दोन ब्रास. कोरडी असली तरी आठ-नऊ टन. पावसात भिजली की आणखी. ट्रॅक्टरच्या दोन भरल्या ट्रॉल्या आपण डोक्यावर टांगून खाली झोपतो.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट कोणी विसरलं नसेल. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. चार वाजायच्या आत किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपानं माणूस मरत नाही, घरानं मरतो, हे तेव्हा साऱ्या जगातून आलेल्या जाणकारांनी सांगितलं. तिथली भिंतही अशीच जाड. पण आतून दोन पदरी, दोन्ही बाजूंना दगड आणि पोटात भर. दोन्ही पदर बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हिसका बसला की पदर सुटतात आणि वरून ती माती. मात्र जिथं खांब-तुळयांचा सांगाडा शाबूत होता तिथं कित्येक ठिकाणी भिंती बाहेर पडल्या आणि खण उभे राहिले. आपले आजे-पणजे घर 'इतक्या खणांचं' असं का सांगायचे, त्याचं मोल त्या पहाटे कळलं.

किल्लारी लांब आहे म्हणू नका. २१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा १० जुलैला हिंगोलीकडचे धक्के परभणीतही जाणवले. साडेचारचा धक्का होता, भांडी वाजली, निभावलं. पण सूचना मिळाली.

हे सगळं डोक्यात घेऊन मी खाली आलो. ढाळजेत दादांच्या दोन म्हशी, आणि सालदाराची दोन लेकरं तिथंच सावलीला खेळत होती. कंदील वर धरून तुळई पाहिली. काठी टोचली तर पोकळ आवाज. वाळवीनं आतून खाऊन नुसतं साल ठेवलेलं. दादांना हाक मारली. दादा आले, वर पाहिलं, काही बोलले नाहीत. म्हशी सोडल्या, लेकरांना वहिनींकडं पाठवलं, ढाळजेला काटेरी फांद्या आडव्या लावल्या. ते काम झालं आणि मगच आम्ही चहा घेतला.

रात्री बाजेवर बोलणं झालं. दादांचं म्हणणं, विकून टाकावं. नक्षीच्या खांबांना शहरात भाव आहे, हॉटेलवाले घेतात. मी म्हणालो, मला ते आवडणार नाही, पण मी इथं राहत नाही, माझ्या आवडीला किंमत किती? दादा म्हणाले, "तेच तर. तुम्ही लोक येता, फोटो काढता, डोळे पुसता आन् जाता. पावसाळा आमच्या उरावर." खोटं काय होतं त्यात? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बऱ्याच वेळानं मीच म्हणालो, "बारा नावांतलं एक नाव माझ्या आईचंही आहे. माती उतरवायची मजुरी मी देतो. लाकडाचं मग बघू."

आमच्या शेजारीच वालूर आहे. तिथली चक्राकार बारव तुम्ही पाहिली असेल, पायऱ्या गोल गोल फिरत पाण्याशी जातात. गाळानं-कचऱ्यानं ती बुजली होती. गावकऱ्यांनीच उपसून काढली आणि आता लांबून लोक पाहायला येतात. पण बारव गावाची असते, वाडा घराचा असतो. सगळेच वाडे वाचणार नाहीत. मात्र पाडायचा तरी माणूस न दगावता पाडावा आणि ठेवायचा तर हलका करून ठेवावा.

म्हणून ज्यांच्याकडं जुनं माळवद आहे त्यांनी मृगाआधी एवढं करावं. माती उतरवून वीतभरच ठेवावी, मध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे गळणार नाही. माती एकाच अंगानं खोदत जाऊ नये, सगळीकडून सारखी काढावी. आधी कुजक्या तुळईखाली टेकू द्यावा. खांब आणि तुळई जिथं मिळतात त्या कोपऱ्यात तिरपे टेकू ठोकावेत. भिंतीला पोट आलं असेल तर तिच्याखाली माणूस नको, जनावर नको. आणि जाणत्या अभियंत्याला एकदा दाखवावं.

गेल्या आठवड्यात दादांचा फोन आला. माळवदाची माती उतरली. ढाळज उतरवावी लागली, माजघर आणि बळद उभं आहे. व्यापाऱ्याला तूर्त नको म्हणून कळवलं. आणि ती माती? जुनी पांढरी हे खतच, आपल्याकडं पूर्वीपासून शेतात टाकतात. दादांनी ती ट्रॉल्या भरून नदीकडच्या रानात पसरली. तिथं यंदा अर्धा एकर ज्वारी घालणार म्हणाले, विद्यापीठाचं परभणी मोती.

मी विचारलं, "ठेवणार कुठं?"

दादा हसले आणि म्हणाले, "बळद हाय की."