परका मासा, स्थानिक वाटाड्या

वाङ्मयाच्या वर्गात ‘स्थानिक’ हा शब्द आपण बहुधा प्रशस्तिपत्रासारखा वापरतो. जे स्थानिक ते अस्सल, आणि जे बाहेरून आले ते उसने, असा त्यामागचा हिशेब असतो. जपानमधील बिवा सरोवरावर एका वाटाड्याबरोबर बासची गळमासेमारी करण्यात एक सकाळ घालवली, तेव्हापासून हा हिशेब आम्हांस पूर्वीइतका सरळ वाटत नाही.

बिवा हे जपानचे सर्वांत मोठे सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर. उत्तरेकडचे पाणी काही ठिकाणी शंभर मीटर खोल, तर दक्षिणेकडचे सरासरी चारच मीटर. उन्हाळ्यात हा दक्षिण भाग पाणवनस्पतींनी भरून जातो आणि बास त्यांच्या कडेच्या सावलीत दबा धरून बसतो. आमचे वाटाडे त्याच काठावर वाढलेले, पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांच्या मोजक्या इंग्रजीत आणि आमच्या मोडक्या जपानीत संवाद चालला होता. वारा कोठून येतो, गवताची रेषा कोठे तुटते, पाण्याचा रंग कोठे बदलतो, हे पाहून ते होडी थांबवीत आणि बोटाने जागा दाखवीत. गळ मात्र आम्हीच टाकायचा. तासाभराने दोरी ताणली गेली, पाणी फुटले आणि हिरवट पाठीचा एक बास होडीत आला.

हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. जपानमध्ये तो १९२५ साली आशी सरोवरात प्रथम सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला आणि बिवाच्या देशी माशांची पिल्ले फस्त करू लागला. निगोरोबुना या माशाला भातात दीर्घकाळ मुरवून ‘फुनाझुशी’ करतात. ही त्या प्रदेशाची जुनी, मानाची चव. तो मासाच दुर्मीळ झाला. म्हणून शिगा प्रांताने २००३ पासून पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई केली. बासच्या शौकिनांमध्ये मासा जिवंत परत सोडणे हाच शिष्टाचार. येथे तोच नियमभंग ठरतो. किनाऱ्यावर असे मासे टाकण्यासाठी पेट्या ठेवलेल्या आहेत.

वाटाड्यांनी आम्हांला आणखी एक गोष्ट सांगितली, तीही काहीशा मिश्किलपणे. १९६० साली युवराज अकिहितो यांना शिकागोच्या महापौरांनी ब्लूगिल जातीचे मासे भेट दिले. संशोधनासाठी आणलेला तो मासाही पुढे बिवात पोहोचला. २००७ साली याच सरोवराकाठी सम्राट म्हणून बोलताना अकिहितो यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. आणि २००९ साली मानाबू कुरिता यांनी येथेच दहा किलोंहून अधिक वजनाचा बास पकडून जॉर्ज पेरी यांच्या १९३२ च्या अमेरिकी विक्रमाशी बरोबरी केली, ती जिवंत ब्लूगिलचेच आमिष लावून! दोन्ही मासे पाहुणे. विक्रम मात्र बिवाच्या नावावर.

मग आम्ही विचारले, “देशी माशांचे काय?” ते क्षणभर गप्प राहिले. काठाकडे हात करून म्हणाले, “तेथे लव्हाळ्याची दाट बने होती. ती काही बासने कापली नाहीत.” हे खरेच होते. किनारे बांधून काढले गेले, लव्हाळे हटले आणि त्यांत अंडी घालणाऱ्या माशांचा आसरा गेला. पण ज्या माशावर त्यांची चूल पेटत होती, त्याने काय खाल्ले, हे त्यांनी आपणहून सांगितले नाही. ते खोटे बोलले नाहीत. त्यांनी फक्त अर्धे पाणी दाखवले.

आपल्या देशीवादाच्या चर्चेत आम्हांस या सकाळीची वारंवार आठवण होते. भालचंद्र नेमाडे यांची मांडणी मुळात बारकाईची आहे. वर्गात पोहोचेपर्यंत तिची जन्मदाखल्यांची नोंदवही होते. हे रूप आपले, ते परके! केशवसुतांनी मराठीत आणलेले सुनीत आज कोणास उपरे वाटते? त्याने अभंगाची पिल्लेही खाल्ली नाहीत. मर्ढेकरांनी पुढे अभंग आणि ओवीत अगदी नवे जग आणून बसवले. तेव्हा साहित्यरूपांस माशांचा न्याय लावू नये, हे उघड आहे. परंतु म्हणून काहीच गमावले नाही, असेही म्हणता येत नाही. छापील कथा-कादंबरीच्या राज्यात सांगण्याच्या कितीतरी मौखिक रीती मागे पडल्या. त्यास कादंबरी किती जबाबदार आणि शाळा, छापखाना व अभ्यासक्रम यांनी बांधून काढलेले किनारे किती, हा शोध जन्मदाखला तपासून लागत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की स्थानिकता वंशाने सिद्ध होत नाही, ती पाणी ओळखण्याने सिद्ध होते. परक्या माशाच्या सवयी जाणणारे ते गृहस्थ निःसंशय स्थानिक होते. मात्र पाणी ओळखणे म्हणजे त्यात आता काय उरलेले नाही, हेही ओळखणे. वाङ्मयाचा शिक्षक हाही वाटाड्याच. त्याने गळ विद्यार्थ्याच्याच हाती ठेवावा आणि लव्हाळ्याची गेलेली बनेही दाखवावीत. आणि विद्यार्थ्याने ‘हे काय आहे’ यानंतर ‘येथे पूर्वी काय होते’ हे विचारल्याशिवाय होडीतून उतरू नये.

त्या दिवशी वाटाड्यांनी मासा आमच्या हाती दिला आणि ते पाठ करून दोरी गुंडाळू लागले. सोडायचा की ठेवायचा, हे आम्हीच ठरवायचे होते. आम्ही तो किनाऱ्यावरच्या पेटीत टाकला. ते काही बोलले नाहीत. निरोप घेताना त्यांनी नेहमीसारखे वाकून अभिवादन केले. आम्ही थोडे अधिक वाकलो.