बारावीतच पदवीचं पहिलं पाऊल
मालाडच्या नागीनदास खांडवाला किंवा दालमिया कॉलेजात अकरावी-बारावीही आहे आणि पदवीही. तरीही अकाउंट्समध्ये तरबेज असलेल्या बारावीच्या मुलीला पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसून तो एक विषय आधीच पदरात पाडून घेता येत नाही. अमेरिकेत हायस्कूलची कितीतरी मुलं असे विषय पूर्ण करून पदवीचा वेळ आणि फी वाचवतात. आपल्याकडे कागदावर पाया तयार आहे. कॉलेजचे श्रेयांक साठवणारी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१मध्ये आली. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय अभ्यासही त्याच हिशेबात धरला: ३० तासांना एक, वर्षाला ४० श्रेयांक. आता बारावीत मिळवलेला श्रेयांक पदवीत वळता व्हायला हवा. खांडवालासारख्या स्वायत्त कॉलेजांना अभ्यासक्रम आखण्याची मोकळीक आहे; त्यांनी पुढाकार घ्यावा. मात्र बारावीत घ्यायचा पदवीचा हा विषय ऐच्छिक असावा, कॉलेजच्याच शिक्षकांनी शिकवावा आणि त्याची वेगळी फी नसावी. नाहीतर बोर्ड आणि सीईटीने आधीच पिचलेल्या मुलांच्या माथी आणखी एक क्लास येईल. मालवणी किंवा कुरारच्या बेताच्या घरातल्या मुलासाठी असे विषय साठून पदवीचं एक सत्र वाचणं म्हणजे घरात सहा महिने आधी येणारा पगार.